गोगोल इथे हसवतो, मग स्विफ्ट वाचताना माणसे उठून का जातात?

वाचनकट्टा यांचा प्रश्न

मंडळी, प्रश्न थोडा लांबणार आहे, कारण प्रसंग सांगितल्याशिवाय तो नीट मांडता येणार नाही.

रंकाळ्याजवळ एका सभासदाच्या घरी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही दहा-बारा जण जमतो. एकाने मोठ्याने वाचायचे, इतरांनी ऐकायचे आणि नंतर चहाबरोबर भांडायचे, एवढाच नियम. यंदा वर्षभरासाठी आम्ही निरनिराळ्या समाजांतील उपरोधिक साहित्य आणि चित्रपट हा विषय घेतला. पहिल्या बैठकीत निकोलाय गोगोलचे १८३६ सालचे ‘इन्स्पेक्टर जनरल’ हे नाटक पु. ल. देशपांडे यांच्या ‘अंमलदार’ या मराठी रूपांतरातून वाचले. मोठा साहेब गुपचूप तपासणीला येणार अशी बातमी गावात येते, गावचे अधिकारी एका रिकामटेकड्या उपऱ्यालाच तो साहेब समजून बसतात आणि त्याची सरबराई करता करता स्वतःची सगळी लफडी उघडी पाडतात. हे ऐकताना महसूल खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक सभासद इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले.

दुसऱ्या बैठकीत मी जोनाथन स्विफ्टचा १७२९ सालचा ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’ हा निबंध घेतला. अनुवाद माझाच होता. आयर्लंडमधील दारिद्र्यावर उपाय म्हणून गरिबांची एक वर्षाची धष्टपुष्ट मुले श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, असा प्रस्ताव त्यातला निवेदक अतिशय सभ्य भाषेत, आकडेमोड करून मांडतो. एक लाख वीस हजार मुलांपैकी वीस हजार पैदाशीसाठी राखून ठेवावीत आणि उरलेली एक लाख विक्रीला काढावीत, या वाक्यापर्यंत मी पोहोचलो. तेव्हा आमच्या आक्का शांतपणे उठल्या, चपला घातल्या आणि निघून गेल्या. त्यांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत बाळंतपणे करण्यात गेली आहे. त्यांच्यामागोमाग महसूलवाल्यांनी विचारले, “हा माणूस हे खरेच म्हणतो आहे का?” मी म्हटले, “नाही हो, हा उपरोध आहे.” त्यावर ते म्हणाले, “मग तसे आधी सांगायचे होते.” आधी सांगितल्यावर त्यात काय उरते, हे मला त्यांना समजावून देता आले नाही.

तेव्हापासून डोक्यात एकच गोष्ट घोळते आहे. दोन्ही लेखक परके, दोन्ही काळ परके, आणि तरीही एकाला कोल्हापुरात लगेच आसन मिळाले तर दुसऱ्याला दारातूनच परत जावे लागले. हा माझ्या अनुवादाचा दोष समजावा, आपल्या परंपरेत त्या जातीच्या लेखनाला जागाच नाही असे समजावे, की काही उपरोध मुळातच प्रवासाला निघण्याच्या लायकीचा नसतो? पुढच्या बैठकांसाठी पुस्तके व चित्रपट सुचवलेत तर हवेच आहेत, पण नुसती यादी नको. एखादी कलाकृती इथे का चालेल किंवा का पडेल, तेही सांगावे.

जुनी गंगावेस यांचा प्रतिसाद

तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तुमच्याच मजकुरात आहे. गोगोल तुम्ही रूपांतरातून वाचलात आणि स्विफ्ट भाषांतरातून. पु. लं.नी गोगोलला इथले धोतर नेसवून आणले. तुम्ही स्विफ्टला त्याच्या विगसकट आणून बसवलेत.

उपरोधाला प्रवास करायचा तर पोहोचण्याच्या ठिकाणी त्याच्यासाठी एखादे सोंग तयार असावे लागते, असे माझे मत आहे. गोगोलचा तोतया साहेब आपल्याकडे परका वाटत नाही, कारण तमाशाच्या वगात राजा, प्रधान, कोतवाल आणि त्यांची फजिती करणारा सोंगाड्या ही चौकट इथल्या माणसाने लहानपणापासून पाहिलेली असते. सोंगाड्याला राजाचा हुकूम शब्दशः पाळून राजाची अब्रू घालवण्याचा परवाना असतो. बतावणीत काल-परवाच्या घटनेवर टोला मारला तरी कोणाला ते विषयांतर वाटत नाही. गौळणीत तर खुद्द कृष्णाची टिंगल मावशी करते आणि पुढच्या रांगेत बसलेला माळकरी म्हातारासुद्धा हसतो. १९६५ साली आलेल्या वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके यांनी ही मोकळीक कुठवर ताणली, ते पाहिलेली माणसे आपल्या शहरात अजून भेटतील. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील यांचे ‘कथा अकलेच्या कांद्याची’ आणि वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांची ‘अकलेची गोष्ट’, ‘देशभक्त घोटाळे’ ही लोकनाट्ये याच घरातली. त्यांच्याही आधी सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा उचलून जलसे उभे केले आणि भिक्षुकशाही व सावकारी यांची उलटतपासणी गावोगावच्या पारावर मांडली. दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यांना तो जलसा भाषणापेक्षा लवकर समजला, आणि त्याचे श्रेय मी त्याच्या आशयाइतकेच त्याच्या ओळखीच्या साच्याला देतो.

परका उपरोध दुसऱ्या मुलखात कसा रुजतो याचा याहून मोठा नमुना हवा असेल तर एका नाटकाचा प्रवास पाहा. १७२८ मध्ये लंडनमध्ये जॉन गे याने ‘बेगर्स ऑपेरा’ लिहिले. त्यात चोर, दरोडेखोर आणि चोरीचा माल घेणारा दलाल अशी मंडळी असून त्यांच्या आडून रॉबर्ट वॉल्पोल या तत्कालीन सत्ताधाऱ्यावर आणि त्या काळी फॅशन झालेल्या इटालियन ऑपेरावर नेम धरलेला होता. नाटक तुफान चालले, म्हणून गेने पुढचा भाग लिहिला, तर त्याच्या प्रयोगावर बंदी आली. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, बर्लिनमध्ये जर्मन नाटककार ब्रेख्तने कुर्ट वाइलच्या संगीतासह त्याच कथेचे ‘थ्रीपेनी ऑपेरा’ केले. वॉल्पोल तोवर मातीत गेला होता, त्यामुळे नेम भांडवली सभ्यतेकडे वळला. आणि १९७८ मध्ये पु. लं.नी त्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, जब्बार पटेल यांनी तो पुण्याच्या थिएटर अकॅडमीतर्फे बसवला. अडीचशे वर्षांत तीन भाषा झाल्या आणि प्रत्येक मुक्कामी बाण तोच राहून लक्ष्य तेवढे बदलले. ब्रेख्तने गेचे नुसते जर्मन भाषांतर करून सोडले असते तर बर्लिनकरांना वॉल्पोल कोण हे सांगण्यासाठी तळटिपा द्याव्या लागल्या असत्या, आणि तळटीप आली की हसू गेले.

विडंबनाची गत तर याहूनही वाईट, ते घरातल्या घरात शिळे होते. आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ १९२५ ची. रविकिरण मंडळाच्या कवींची त्यात जी रेवडी उडवली आहे, ती आज महाविद्यालयातल्या मुलांपुढे वाचली तर ती विनम्रपणे गप्प बसतात, कारण मूळ कविताच त्यांनी वाचलेल्या नसतात. त्या मंडळातले माधव जूलियन आपल्याच राजाराम कॉलेजात शिकवत होते, हेही त्यांना सांगावे लागते. शंभर वर्षांत आणि एकाच भाषेत हे घडत असेल, तर तुमच्या स्विफ्टने किती समुद्र ओलांडायचे?

खडीचा रस्ता यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण मला तो मुळातच उलटा वाटतो.

तुमचे महसूलवाले गोगोल ऐकून पाणी मागेपर्यंत हसले, कारण ते आता निवृत्त आहेत आणि नाटकातला अधिकारी दुसरा कोणीतरी आहे. ‘इन्स्पेक्टर जनरल’च्या पहिल्या प्रयोगाला खुद्द झार निकोलस पहिला हजर होता. सगळ्यांना फटके बसले, सर्वांत जास्त मला, असे तो म्हणाल्याचे सांगतात. ज्या राज्याची लक्तरे टांगली त्याच राज्याचा धनी टाळ्या वाजवून घरी जातो, तेव्हा उपरोध पोहोचला असे म्हणावे की पचवला गेला असे म्हणावे? गोगोलला स्वतःलाही हा संशय आला असावा. प्रयोगानंतर काही आठवड्यांतच तो रशिया सोडून निघाला. १८४२ च्या आवृत्तीत तोंड वाकडे असेल तर आरशाला दोष देऊ नये अशी म्हण त्याने नाटकाच्या माथ्यावर छापली, आणि शेवटी फसलेला नगरप्रमुख प्रेक्षकांकडे वळून “कोणाला हसता? स्वतःलाच हसता!” असे ओरडतो.

याउलट १९२१-२२ मध्ये चिनी लेखक लू शून यांची ‘आ क्यूची खरी गोष्ट’ बीजिंगच्या वृत्तपत्रात टोपणनावाने हप्त्याहप्त्याने येत होती, तेव्हा पुढच्या हप्त्यात आपलाच नंबर लागणार या धास्तीने अनेक सुशिक्षितांची झोप उडाली होती. आ क्यू हा मार खाऊनही मनातल्या मनात स्वतःला विजयी घोषित करणारा गावगुंडांचा गिऱ्हाईक. तो वाचून हसू येते आणि तिसऱ्या पानावर ते घशात अडकते, कारण निवडणूक हरल्यावर “नैतिक विजय आमचाच” म्हणणारे आपल्या प्रत्येक पेठेत आहेत. ही गोष्ट पुढच्या बैठकीत जरूर घ्या.

आणि आक्कांबद्दल एवढेच म्हणतो की, तुमच्या बैठकीत स्विफ्ट ज्याला खरोखर लागला असे एकच माणूस होते आणि ते उठून गेले. बाकीचे तो कळण्याची वाट पाहत बसले होते. लोकांनी हसावे यासाठी स्विफ्टने तो लिहिला, असे मानायला मला काहीच आधार दिसत नाही.

पिटातला प्रेक्षक यांचा प्रतिसाद

चर्चा पुस्तकांतच अडकली आहे, म्हणून चित्रपटांकडे वळतो, कारण “आधी सांगायचे होते” ही तक्रार पडद्यावर अधिक स्पष्ट दिसते. तिथे दिग्दर्शकाला प्रत्येक क्षणी ठरवावे लागते की प्रेक्षकाला डोळा मारायचा की नाही.

प्रथम घरचे उदाहरण घेतो. १९३६ मध्ये मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि पांडुरंग नाईक यांनी कोल्हापुरात हंस पिक्चर्स काढली आणि १९३८ मध्ये अत्र्यांच्या लेखणीतून ‘ब्रह्मचारी’ आणला. ब्रह्मचर्य आणि देशसेवा यांवरचे एक घणाघाती व्याख्यान ऐकून औदुंबर नावाचा तरुण आजन्म ब्रह्मचारी राहण्याचा निश्चय करतो, घरातल्या नट्यांच्या तसबिरी फेकतो, जोर-बैठका काढतो, आणि मग त्याच्या आयुष्यात किशोरी येते. त्या काळी गल्लोगल्ली आखाडे, संघटना आणि त्यागाची व्याख्याने यांना ऊत आला होता, त्यामुळे प्रेक्षकाला टोला कुणाला आहे हे चांगले कळत होते. पुढच्याच वर्षी याच जोडीचा ‘ब्रँडीची बाटली’ आला. आज मात्र ‘ब्रह्मचारी’ म्हटले की लोकांना मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख आणि ‘यमुनाजळी खेळू खेळ’ एवढेच आठवते. उपरोध विरघळला, पोशाख राहिला. (याला काय म्हणावे, हे अत्र्यांनीच सांगितले असते.) माझ्या मते विनायकांची पद्धत पूर्णपणे डोळा मारण्याची होती. औदुंबराला पाहताक्षणीच हा फसणार हे आपल्याला कळते आणि आपण निर्धास्त होतो.

आता दुसरे टोक पाहू. १९६४ चा स्टॅनले कुब्रिकचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ पीटर जॉर्ज यांच्या एका अत्यंत गंभीर कादंबरीवर आधारलेला आहे. पटकथा लिहिताना कुब्रिकला जाणवले की अणुयुद्धाच्या डावपेचांतले जे जे तपशील खरे आहेत तेच हास्यास्पद आहेत, आणि ते टाळत बसण्यापेक्षा त्यांनाच धरावे. त्याने शेवटासाठी सेनापती आणि मुत्सद्दी एकमेकांना क्रीमचे ‘पाय’ (केकसारखा पदार्थ) फेकून मारतात असा मोठा प्रसंग चित्रित केला होता आणि नंतर तो कापून टाकला. हा कापलेला प्रसंग मला फार बोलका वाटतो. तो राहिला असता तर सगळे जण हे प्रहसन आहे असे समजून सुटकेचा श्वास घेऊन घरी गेले असते. तो गेल्यामुळे युद्धकक्षातली माणसे शेवटपर्यंत स्वतःला शहाणीच समजत राहतात, आणि प्रेक्षकाला आधार द्यायला पडद्यावर कोणी उरत नाही. तुमच्या स्विफ्टचा निवेदक अगदी याच जातीचा आहे.

चॅप्लिनने १९४० च्या ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये नेमके उलटे केले. हिटलरची नक्कल करता करता शेवटी त्याने सोंग उतरवले आणि कॅमेऱ्याकडे पाहून माणुसकीवर भाषण केले. ते भाषण आजही लोकांना रडवते, पण चित्रपट म्हणून मला तिथे तो हार मानताना दिसतो, जणू आपल्या विनोदावरचा त्याचा स्वतःचाच विश्वास उडाला. छळछावण्यांतली खरी भीषणता तेव्हा ठाऊक असती तर हा चित्रपट मी करूच शकलो नसतो, असे त्याने १९६४ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. उपरोधाला एक हद्द असते ती हीच असावी, आणि स्विफ्ट मात्र ती ओलांडून बसला आहे. आयर्लंडमध्ये उपासमार त्याच्या डोळ्यांपुढे होती आणि तरीही त्याने सोंग उतरवले नाही.

आपल्याकडे ही हिंमत कुंदन शाह यांच्या १९८३ च्या ‘जाने भी दो यारों’ने दाखवली. महाभारताच्या प्रयोगात प्रेत घुसते तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे, पण शेवट कोणी आठवत नाही. दोन्ही छायाचित्रकार कैद्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावर येतात, मागे ‘हम होंगे कामयाब’ वाजते आणि ते आपल्याकडे पाहून गळ्यावरून हात फिरवतात. दोन तास डोळा मारणारा चित्रपट शेवटच्या मिनिटाला डोळे वटारतो. २०११ च्या ‘देऊळ’ची चाल त्याहून संथ आणि म्हणून आपल्या भागाला अधिक लागणारी आहे. केशाला आपल्या गाईच्या निमित्ताने दत्ताचा दृष्टांत होतो आणि पाहता पाहता गावात देवळाचा, दुकानांचा, राजकारणाचा बाजार भरतो. नरसोबाच्या वाडीला दर पौर्णिमेला जाणाऱ्या माझ्या मामांनी तो पाहिला. ते म्हणाले, “चांगला आहे, पण त्यांनी दत्ताला मध्ये आणायला नको होते.” दुसऱ्या दिवशी त्यांनी तो पुन्हा पाहिला.

बैठकीत हे दोन लावा. जमल्यास तिसरा जूझो इतामी यांचा १९९२ चा जपानी ‘मिन्बो’ लावा. खंडणीबहाद्दर याकुझा, म्हणजे जपानमधले संघटित गुंड, प्रत्यक्षात किती पोकळ असतात हे त्यात दाखवले आहे. चित्रपट लागल्यानंतर काही दिवसांतच याकुझांनी इतामींच्या चेहऱ्यावर सुऱ्याने वार केले. खडीचा रस्ता यांना हवा असलेला, पचवला न गेलेला उपरोध तो हा.

दुभाषी यांचा प्रतिसाद

मी अनुवादाचे काम करते, त्यामुळे माझे लक्ष “अनुवाद माझाच होता” या वाक्यावर गेले. दोष अनुवादात असावा असे मलाही वाटते, पण जुनी गंगावेस म्हणतात तो नाही. स्विफ्टला धोतर नेसवायची गरज नाही. त्याला योग्य मराठी बोलायला लावायला हवे, आणि तुम्ही त्याला कोणती मराठी दिली हे तुम्ही सांगितलेलेच नाही. साहित्यिक, ललित निबंधाची दिली असावी असा माझा अंदाज आहे.

उपरोध आपल्याला नवा नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात व्याजस्तुती हा अलंकारच आहे, स्तुतीच्या रूपाने निंदा. सातव्या शतकातील पल्लव राजा महेंद्रवर्मा याने स्वतःच्याच राजधानीत, कांचीत, घडणारे ‘मत्तविलास’ हे प्रहसन लिहिले. दारू पिऊन तर्र झालेल्या कापालिकाची, म्हणजे एका शैव साधूची, भिक्षापात्र म्हणून वापरायची कवटी हरवते आणि तो बौद्ध भिक्षूवर आळ घेतो, प्रत्यक्षात ती कुत्र्याने पळवलेली असते. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने ‘नर्ममाला’त कायस्थ म्हणजे सरकारी लेखनिक-अंमलदारांचे वाभाडे काढले आणि ‘देशोपदेशा’त शिकायला आलेल्या गौड देशाच्या विद्यार्थ्यांचे. मराठीत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ हा तर याच व्याजाचा खेळ. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या जुन्या रूढींची कैवारी बाजू अशा उत्साहाने मांडतात की ती आपोआप कोसळते. पण या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. लेखक कुठेतरी भाषेला इतका फुगवतो की वाचकाला खूण पटते. अतिशयोक्ती, कोट्या, नावे, हे सगळे मघाशी म्हटलेले डोळा मारणेच आहे. आपला वाचक त्या खुणेची वाट पाहायला शिकलेला आहे.

स्विफ्ट ती खूण देत नाही. त्याची भाषा फुगत नाही, उलट ती हिशेबनीसाची आहे. जमीनदारांनी आईबापांना आधीच खाल्लेले असल्यामुळे मुलांवर त्यांचाच पहिला हक्क आहे, हे वाक्यसुद्धा तो आवाज न चढवता लिहितो. मग एका परिच्छेदात खरे उपाय येतात: परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर बसवा, आपल्याच देशात पिकलेले व बनलेले कापड आणि सामान वापरा. ही शुद्ध स्वदेशी आहे, आणि तुमच्या बैठकीत तो परिच्छेद वाचला गेला असता तर लोकांनी ताडकन ओळखला असता. पण निवेदक त्यांची यादी “असले उपाय मला कोणी सांगू नयेत” अशा सुरात करतो. शेवटी तर तो सांगतो की यात माझा काही स्वार्थ नाही, माझे धाकटे मूल नऊ वर्षांचे आहे आणि पत्नीचे वय उलटून गेले आहे.

अशा आवाजाची मराठी आपल्याकडे आहे आणि ती आपण रोज वाचतो, पण तिला साहित्य मानत नाही. ती परिपत्रकाची मराठी आहे. “उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की”, “सबब”, “सदरहू बालके”, “तरतूद”, “अंमलबजावणी”, “मा. वरिष्ठांच्या अवलोकनार्थ”. या भाषेत माणूस मरत नाही, मयत आढळून येतो. रमेश इंगळे उत्रादकर यांच्या ‘निशाणी डावा अंगठा’ या कादंबरीने हे नेमके हेरले. प्रौढ साक्षरता मोहिमेतले अर्ज, अहवाल आणि बैठकांची इतिवृत्ते हीच तिथे विनोदाची सामग्री आहे, कारण कागदावर गाव साक्षर होत जाते आणि कागद कधी हसत नाही. हिंदीत श्रीलाल शुक्ल यांच्या १९६८ च्या ‘राग दरबारी’तले शिवपालगंज वाचा. तिथेही सर्वांत धारदार वाक्ये सर्वांत थंडपणे लिहिलेली आहेत.

तेव्हा माझी सूचना अशी की निबंध पुन्हा अनुवादित करा, पण ‘निबंध’ म्हणून नको. विषय, संदर्भ, प्रस्तावना आणि अनुक्रमे मुद्दे असलेल्या शासकीय प्रस्तावाच्या नमुन्यात करा. आयर्लंड आयर्लंडच राहू द्या, आकडे तेच ठेवा, एकही विनोद घालू नका. आणि आक्कांना आधी फोन करा. त्या आल्या नाहीत तर आल्या नाहीत, पण त्यांना न सांगता वाचू नका.

वाचनकट्टा यांचा पुन्हा प्रतिसाद

सर्वांचे आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण दुभाषी यांनी सांगितलेले काम वाटले त्यापेक्षा अवघड निघाले. माझा पहिला अनुवाद खरोखरच ललित निबंधाच्या भाषेत होता, “हृदय पिळवटून टाकणारे दृश्य” वगैरे. तो सगळा काढून टाकावा लागला. ‘फ्रिकासी’ आणि ‘रागू’ या पदार्थांचे काय करावे यावर दोन दिवस गेले आणि शेवटी “मागणीनुसार सुकी अथवा रश्शाची पाककृती अनुज्ञेय राहील” असे लिहिले. जुनी गंगावेस यांना यात रूपांतराचा वास आला तर तो मला मान्य आहे.

आक्कांना मी आधी फोन केला. काय आहे ते सगळे सांगितले, वीस हजारांच्या वाक्यासकट. त्या आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या.

परिपत्रकाच्या सुरात वाचायला लागल्यावर पहिली पाच मिनिटे कोणी हसले नाही. जमीनदारांच्या वाक्याला दोघे खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. स्वदेशीच्या परिच्छेदाला एक दबका हुंकार आला. वाचन संपल्यावर महसूलवाल्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, “मसुदा व्यवस्थित आहे. जावक क्रमांक राहिला आहे तेवढा.” यावर खोली इतकी हसली की पलीकडच्या घरातून कोणीतरी डोकावून गेले.

आक्का हसल्या नाहीत. चहा येईपर्यंत त्या गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, “ती वीस हजार जी राखून ठेवायची होती, ती निवडणार कोण होते?”

महसूलवाले कप खाली ठेवत म्हणाले, “समिती नेमली असती, आक्का.”